वायरीवरची मेथी

दुसऱ्याच्या आवारात पाऊल टाकलं की काकांचे दोन्ही हात पँटच्या खिशात जात. थंडी असो की ऊन. फाटक कोपरानं ढकलायचे, काही दाखवायचं असलं तर हनुवटीनं दाखवायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा शिष्ट आहे. शिष्ट नव्हते. नियमानं वागत होते, एवढंच.

नियम असा, की इथे न्यूझीलंडमध्ये घरमालकाला स्वतःच्या घरातलं थोडंफार वीजकाम स्वतः करता येतं. स्वतःच्या, किंवा जवळच्या नातेवाइकाच्या. मुख्य बोर्डाला हात लावायचा नाही, आणि काम झालं की परवाना असलेल्या इन्स्पेक्टरला बोलवायचं. तो तपासणार, तोच जोडणार, मग दिवा लागणार. शेजारीपाजारी मात्र आपण काही करायचं नाही. बहुतेक लोक हे एकदा ऐकतात आणि विसरतात. काका ते पाळायचे, आणि पाळतो आहोत याबद्दल कुणाला शंका नको म्हणून हात खिशात ठेवायचे.

"न केलेल्या कामाचा पुरावा कसा देणार?" ते म्हणायचे. "हात खिशात असले की प्रश्नच मिटला."

मला हसू यायचं. आता ते फाटक कोपरानं ढकलणारं कुणी नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. मी वाईट वाटून घेत बसणारी बाई नव्हे. एका गोदामात मालाची आवक-जावक बघते, दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालते, घटस्फोट झाला त्या आठवड्यातही एक सुट्टी घेतली नव्हती. पण संध्याकाळी भांडी घासताना अजून माझा एक कान मागच्या फाटकाकडे असतो.

काका आमच्या पाठीमागच्या घरात राहायचे. माउंट रॉस्किलमधली जुनी लाकडी घरं, दोघांची परसं पाठीला पाठ लावून, मध्ये कमरेएवढं कुंपण, त्यात एक फाटक. मूळचे कऱ्हाडचे. इकडे येऊन जन्मभर पुलांचे नकाशे काढले, निवृत्त झाले, बायको गेली, मूलबाळ नव्हतं, आणि मग त्यांनी स्वतःचं परसू मनावर घेतलं. वाटेच्या कडेनं दिवे, लिंबाखाली दिवा, कचऱ्याच्या डब्यांपाशी दिवा. प्रत्येक दिव्याची वायर नारिंगी पाइपातून जमिनीखालून नेलेली, आणि ती जिथून गेली तिथे वर मेथीचा वाफा. थंडीत कोथिंबीर. बाकी काही नाही.

"मेथीची मुळं उथळ," ते समजावायचे. "खालपर्यंत पोचत नाहीत. आणि वाफा दिसला की त्यात कुणी पहार घालत नाही. मराठी माणूस तर नाहीच नाही."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं की त्यांच्या विजेचा अख्खा नकाशा हिरव्या रेघांत दिसायचा. एका माणसाला लागते त्याच्या कितीतरी पट मेथी व्हायची. मग जुड्या बांधून ते घरोघर वाटायचे. इथल्या मराठी मंडळातल्या बायका तिला विजेवरची मेथी म्हणत. मुलं घाबरून खायची नाहीत, ही आणखी एक गंमत.

आमच्या मंडळात साठीच्या पुढचा प्रत्येक पुरुष काका असतो. तसे हेही काका. आणि एकदा काका म्हटलं की काम सांगायला आपण मोकळे, असा आपला समज. "काका, बाहेर बार्बेक्यूपाशी एक प्लग टाकून द्या ना." "काका, डेकवर जरा दिव्यांची माळ." त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "तुम्ही काका म्हणता, ठीक आहे. आता कायद्यालाही म्हणायला लावा."

आणि ते स्वतः सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला, विशीतल्या विद्यार्थ्यांना, शाळकरी पोरांना. "नातं नसलेल्या माणसाला अरे-तुरे करायचा मला काय अधिकार?" माझी लेक ईरा तेव्हा शाळेत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. तिला काका "ईराताई, आपण कशा आहात?" असं विचारायचे. एकदा तिनं मला इंग्रजीतून विचारलं, "ते माझ्याशी असे का बोलतात? मी काय कमिटी आहे?"

त्यांचा आणखी एक शब्द म्हणजे "किती खोल?" कुणी सांगितलं की बाहेर दिवा बसवला, की हे विचारणार, "किती खोल?" म्हणजे वायर किती खोल पुरली. पुढे पुढे हा प्रश्न कुठेही यायला लागला. एका मुलाचं लग्न ठरलं, तो पेढे घेऊन आला, तर काका पेढा तोंडात टाकून म्हणाले, "छान. किती खोल?" पोरगा गांगरला. मी म्हटलं, "अरे, खूप खोल म्हण आणि जा."

दिवाळीतली त्यांची गोष्ट अजून सांगितली जाते. इथली दिवाळी वसंतात येते. आठपर्यंत उजेड, त्यात भुरभुर पाऊस आणि वारा. एका घरी फराळाला सगळे जमलो होतो. डेकच्या छपराला पुण्याहून आणलेला आकाशकंदील. त्याची वायर ओल्या फळ्यांवरून स्वयंपाकघराच्या खिडकीत गेलेली, आणि दोन वायरींच्या सांध्यावर किराणा दुकानातली प्लास्टिकची पिशवी, रबर लावून. आपल्या सगळ्यांच्या घरी असंच असतं. कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. काका डेकच्या खाली, लॉनवर, हात खिशात घालून उभे.

यजमानीणबाई ताटली घेऊन गेल्या. "काका, चकली घ्या ना."

"घेणार. आधी तो प्लग काढा."

"अहो, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"विजेला कुठे माहीत आहे दिवाळी आहे ते?"

"मग तुम्हीच काढा बाई, माझे हात तेलकट आहेत."

"घर तुमचं आहे. मी काढणार नाही."

ताटली पुढे धरलेली, काका भिजतायत, चकली सादळतेय, आणि आत लोक एकमेकांना कोपरखळ्या मारतायत. शेवटी यजमानांनी चिडून प्लग उपटला. कंदील विझला. काका वर आले, पाय पुसले, आत जाऊन हात धुतले आणि चकलीवर चकली खात बसले, जसं काही झालंच नाही. पुढच्या वर्षी त्या घरी भिंतीला रीतसर बाहेरचा प्लग होता, झाकणवाला, पाणी आत न जाणारा, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलेला. कंदील लावायचा मान काकांना दिला. ते म्हणाले, "मी नाही. तुमचं घर."

लोक तर्क करायचे, की गावाकडे काहीतरी घडलं असणार, कुणीतरी गेलं असणार, त्याशिवाय माणूस असा होत नाही. मला आडून विचारता येत नाही. सरळ विचारलं. काका म्हणाले, "काहीही घडलेलं नाही. घडू नये म्हणून तर नियम. घडल्यावर पाळणारे पुष्कळ असतात."

आता माझ्या वाटेची गोष्ट.

माझी आई नाशिकला असते. अंधार पडला की तिला कमी दिसतं. तिन्हीसांजेला जिन्यात पाय चुकून ती पडली होती, मनगट मोडलं होतं. बरं झाल्यावर मी तिला इकडे काही महिने बोलावलं. आमचं घर दोन खोल्यांचं. आई फोनवर म्हणाली, "मी तुमच्या पायात येणार नाही. मला माझी खोली असेल तर येते." परसाच्या टोकाला एक लाकडी खोली होती, इथे त्याला स्लीपआउट म्हणतात. खोली चांगली, पण संडास-बाथरूम घरात, आणि मधली वाट म्हणजे ओलं गवत, दोन पायऱ्या आणि काळोख. वीजच नव्हती तिकडे.

आई येण्याआधी त्या वाटेवर दिवा. मला एवढंच हवं होतं. तिकीट काढलेलं होतं. इलेक्ट्रिशियन एकही मोकळा नव्हता. "नेक्स्ट मंथ, मेबी," असं जो तो म्हणत होता, आणि त्या नेक्स्ट मंथच्या आत आई येणार होती.

मी कुंपणाशी गेले. "काका, तुम्ही करून द्या."

"मी तुमचा कोण?"

"काका!"

"कुठल्या बाजूचा?"

"असं काय करता हो?"

"आईवडील, मुलं, भावंडं, सासूसासरे, अशी माणसं चालतात. पाठीमागचा म्हातारा कुठे लिहिलेला दिसला नाही मला." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "पण मालकीण तुम्ही आहात. तुम्ही करा की."

"मी?"

"तुमचे हात मोकळे आहेत. माझे खिशात राहतील. तोंड राहील बाहेर."

त्या दिवसापासून मी मालकीणबाई झाले. ऑगस्टमधले शनिवार-रविवार, चिखल, अंगावर रेनकोट. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री बगलेत अडकवून बसलेले, हात खिशात. जमिनीखालून आणखी काही जात नाही ना, याची चौकशी आधी करायला लावली. मग चर कुठून जाणार त्याची खूण करायची होती. दुकानात मिळणारा रंगाचा फवारा त्यांना मान्य नव्हता.

"घरात रांगोळी आहे का?"

होती, दिवाळीतली उरलेली. मी चिमटीतून सोडत गेले.

"मालकीणबाई, ही रेघ आहे का उसवलेली शिवण? पुन्हा."

पुन्हा घातली.

"बरी आहे. म्हशीनं घातली असती तर याहून वाकडी आली असती."

"काका, खणणं म्हणजे काही वीजकाम नाही. फावडं तरी धरा!"

"कायद्यानं बरोबर आहे तुमचं. माझ्या गुडघ्यांचा कायदा वेगळा आहे."

चर अर्धा मीटर तरी खोल हवा होता. तळाला वाळू, त्यावर नारिंगी पाइप, पुन्हा माती, मध्यावर इशाऱ्याची नारिंगी पट्टी, म्हणजे पुढे कधी कुणी खणलं तर आधी पट्टी लागेल. काका माझ्याकडून हे घोकून घ्यायचे. ईरा खुणा केलेली काठी घेऊन चरात उतरायची.

"किती खोल, ईराताई?"

"हीप्स, काका!" म्हणजे पुष्कळ.

"हीप्स म्हणजे मिलिमीटरमध्ये किती?"

पायरीपाशी पहार खणकन वाजली. काळा दगड. आमच्या भागात जुन्या ज्वालामुखीचा असा दगड कुठेही वर येतो. काका खुर्चीतून उठून आले आणि वाकून बघायला लागले. जँडल्समधल्या, म्हणजे रबरी चपलांतल्या, पायाच्या अंगठ्यानं त्यांनी दगडावरचा चिखल सारला. "हा तर आपला," म्हणाले. "सह्याद्रीतला. आमच्या कऱ्हाडच्या घराची पायरी हीच." बराच वेळ अंगठा तिथेच होता. मी त्यांना घाई केली नाही, पण पाऊस वाढायला लागला होता.

दगड काही फुटला नाही. तेवढ्या तुकड्यात खोली जेमतेम वीतभर. इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, आई त्याच आठवड्यात. मी म्हटलं, "एवढाच तुकडा आहे. वर माती ओढते."

"नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलंय. मला कळलंय. झाले की दोघं. इन्स्पेक्टरला फोन करा, तीन दिवसांनी या म्हणावं."

"काका, माझी आई येतेय!"

"म्हणूनच."

मी फावडं फेकलं. दिवसभर चिखलात उभी होते, पाठ मोडली होती. मी ओरडले, "तुम्ही मला अडवणारे कोण? माझे कोण आहात तुम्ही?"

"कोणी नाही," काका शांतपणे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय. पण आई तुमचीच आहे ना?"

छत्री बगलेत धरून ते गेले. फाटक कोपरानं ढकललं. मी चरात उभी राहिले, मग फोन केला.

दगडाला वळसा घालून चर नवीन खणला. तीन संध्याकाळी कामावरून आल्यावर ईरा आणि मी कपाळाला टॉर्च बांधून खणत होतो. काका पहिल्याच संध्याकाळी परत आले, खुर्ची मांडली, मागचं काही न बोलता म्हणाले, "वळण गोल घ्या. पाइपाला काटकोन आवडत नाही."

इन्स्पेक्टर आला. उंच, दाढीवाला, बोलायला कमी. "किया ओरा," असा माओरीत नमस्कार करून उघड्या चराच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेला, परत आला. काम कुणी केलं, विचारलं. मी म्हटलं, मी. त्यानं काकांकडे पाहिलं, त्यांच्या खिशांकडे पाहिलं. "आणि हे?"

मी इंग्रजीत सुरुवात केली, "ही इज माय..." आणि अडकले.

"नेबर," काका म्हणाले.

त्यानं मोजलं, तपासलं, बोर्डावर जोडणी केली, उभा राहून म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे झकास. एवढंच. दिवा लागला तेव्हा भर दुपार होती आणि तो नीट दिसतही नव्हता. काका मात्र डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत बसले.

आई आली. पहिल्याच संध्याकाळी, अंधार पडल्यावर, ती आपल्या खोलीतून घरात एकटी चालत आली. मी खिडकीतून बघत होते. बुजवलेल्या चराच्या कडेकडेनं आली, पायऱ्यांपाशी थांबली नाही. आत येऊन म्हणाली, "वाट वाकडी का गं केलीस?"

"मध्ये दगड होता. काकांनी वळवायला लावली."

"बरं केलं त्यांनी," आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

आईनं त्यांना काका म्हटलं नाही, तिच्याहून ते फार मोठे नव्हतेच. पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणाली. "अहो भाऊ, मेथीला मुंग्या लागल्यात." "अहो भाऊ, आज थालीपीठ आहे." कुंपणाच्या अलीकडे आई, पलीकडे काका, मध्ये मेथी. नाशिक आणि कऱ्हाडच्या पाण्यावरून भांडायचे. मी कामावरून यायचे तेव्हा त्यांचं बोलणं चालूच असायचं, आणि का कोण जाणे, गाडी बंद करून मी दोन मिनिटं तशीच बसून राहायचे.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी आईनं डेकवर पाट मांडला आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली. काका म्हणाले, "मला बहीण नाही. आम्ही चौघं भाऊ. भाऊबीजेला आमच्या घरात शुकशुकाट असायचा."

"मग आता या," आई म्हणाली.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाटावर बसले, हात खिशात. आईनं कुंकू लावलं, ओवाळायला निरांजन उचललं, तेव्हा त्यांनी आधी वर पाहिलं. निरांजन डेकच्या लाकडी छपरापासून किती लांब आहे याचा अंदाज घेतला असणार. मग मान खाली घातली. ओवाळणी म्हणून वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी ताटात ठेवलं. आईनं उघडलं. तो आरसीडीचा प्लग होता. जरा जरी गळती झाली तरी वीज तोडणारा, भिंतीत लावायचा ठोकळा.

"काय हे, भाऊ?"

"नाशिकला बाथरूममध्ये गीझर आहे ना? इलेक्ट्रिशियनला दाखवा. इथली पिन तिथे बसायची नाही, पण वस्तू कळेल. तशी घ्या म्हणावं."

आई हसत सुटली. पण तो ठोकळा परत जाताना तिनं कपड्यांत गुंडाळून नेला. तिच्या देवघराच्या खालच्या फळीवर असतो अजून.

त्यानंतर काही वर्षं गेली. ईरा डनीडनला शिकायला गेली. काका तेच, मेथी तीच, मी मालकीणबाई तीच. फक्त ते कुंपणाशी आता सावकाश यायचे, आणि खिशातले हात कधी कधी आतल्या आत थरथरताना दिसायचे. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, किती खोल.

एका थंडीत त्यांच्या मागच्या पायरीचा दिवा बंद पडला. वायर जुनी झाली होती, तेवढा तुकडा बदलायला हवा होता. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून आवाज आला.

"ऐक गं. तू जरा इकडे येतेस का?"

मी मागे वळून पाहिलं, ईरा आली की काय. कुणी नव्हतं. ते माझ्याशीच बोलत होते.

"माझे हात ऐकत नाहीत आता," काका म्हणाले. "तेवढी वायर तू बदल. मी सांगतो."

मी क्लिपा दोरीला लावून कुंपणाशी गेले. मी इतकी वर्षं वाट बघितली होती, ही संधी सोडणं शक्य नव्हतं. "मी तुमची कोण?"

ते ओठ दाबून हसले. "भाची."

"कुठल्या बाजूची?"

"आईच्या. तुझ्या आईनं ओवाळलंय मला."

"आणि यादीत मामा आहे?"

"नाही," ते म्हणाले. "दोनदा बघितलं." मग वाफ्याकडे बघत म्हणाले, "यादी करणाऱ्याला बहीण नसेल."

मी फाटक ढकलून पलीकडे गेले. मेथीचा वाफा खांदून वर काढला, खाली पट्टी लागली, पट्टीखाली वाळू, वाळूत पाइप. त्यांनी स्वतः कधीतरी घातलेलं सगळं, जिथल्या तिथे. पाइपातून नवी वायर ओढायची होती. एका बाजूनं मी ढकलत होते, दुसऱ्या बाजूला ओढायला कुणी हवं होतं. मी मान वर केली. काकांनी हात खिशातून काढले होते. ते गुडघ्यांवर बसले, कसे बसले त्यांनाच माहीत, आणि थरथरत्या बोटांनी वायरीचं टोक धरून ओढायला लागले. घर त्यांचं होतं, तेव्हा हे त्यांच्या नियमात बसतच होतं. पण दोघांनी एका वायरीला धरलेलं, असं ते पहिल्यांदा.

तपासायला तोच इन्स्पेक्टर आला, दाढी पांढरी झालेली. काम कुणी केलं? काका म्हणाले, "आय अँड माय नीस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. त्याला आठवत होतं. "मागच्या वेळी शेजारी होता ना तुम्ही?" इंग्रजीत विचारलं.

"ते हिची आई यायच्या आधी," काका म्हणाले.

 "आह," तो म्हणाला. "फानाऊ." माओरीत घरच्या माणसांना म्हणतात तसं, ज्यात कोण कोण येतं ते मोजत नाहीत. मग खाली वाकून त्यानं सगळं तपासलं, नेहमीसारखं, एकही गोष्ट न सोडता.

त्यानंतरच्या वसंतात काका गेले. झोपेत. दिवाळी आठवड्यावर आली होती. कऱ्हाडहून एक पुतण्या आला, चांगला मुलगा होता, घर विकून परत गेला. वाफ्यात गवत माजलं. मेथीला फुलं आली, शेंगा आल्या, त्या वाळून गेल्या. मी खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे. एवढ्या तेवढ्यासाठी कुणाच्या आवारात शिरण्याची माझी सवय गेली होती.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "भाऊंच्या वाफ्यांचं काय झालं गं?"

"नवीन माणसं आली आहेत. साफ करतायत."

"त्यांना सांगितलंस का, खाली काय आहे ते?"

मी फोन ठेवला आणि खिडकीतून पाहिलं. नवं जोडपं आहे, तरुण, इथलंच. नवरा भाड्यानं आणलेलं खड्डा पाडायचं यंत्र उतरवत होता, बायको कुंडीतलं फिजोआचं फळझाड धरून उभी होती. जागा निवडली होती बरोबर मेथीच्या वाफ्यात. माती तिथे भुसभुशीत, काळी, वर्षानुवर्षं खत घातलेली. कुणीही तीच निवडली असती.

मी धावतच गेले. फाटक कशानं ढकललं, आठवत नाही. "थांबा," म्हटलं, "खाली वायर आहे."

त्यांनी यंत्र खाली ठेवलं. कुठून कुठे जाते, तिनं विचारलं. मी हनुवटीनं दाखवायला लागले: इथून, लिंबाखालून, पायरीपर्यंत, मग डब्यांकडे. तिला काही समजेना. कसं समजणार, सगळीकडे नुसतं उकरलेलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझे हात जॅकेटच्या खिशात होते.

मी ते बाहेर काढले. घरी गेले, देवघराच्या खणातून रांगोळीचा पुडा आणला, आणि त्यांच्या परसात वाकून रेघ घालायला लागले. फाटकापासून लिंबापर्यंत. लिंबापासून पायरीपर्यंत. तिथून डब्यांकडे. रेघ सरळ येत होती. एकदाही पुन्हा घालावी लागली नाही. आणि कुणी काही म्हणालंही नाही.

नवरा-बायको बाजूला उभे राहून बघत होते. हे काही धार्मिक आहे का, तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही, इथे खणू नका म्हणून आहे. या रेघेवर फक्त उथळ मुळांचं लावा. बी मी देते.

"किती खोल आहे?" नवऱ्यानं विचारलं.

 मी पुडा मिटला आणि लिंबाकडे पाहिलं. मग सांगितलं, मिलिमीटरमध्ये.

मला ते इतकं नेमकं कसं माहीत, असं त्याला वाटलं असावं. बायकोनं विचारलं, इथे राहायचे ते तुमचे कोण होते?

"मामा," मी म्हटलं. मराठीतच. तिला ते समजलं की नाही, माहीत नाही.

आकाश भरून आलं होतं. पावसात ही रेघ राहणार नाही, ती म्हणाली.

"पुन्हा घालीन," मी तिला सांगितलं. "जवळच राहते मी."